मागची कोरी बाजू

बँकेच्या मुख्य कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत बसून ज्या माणसानं छत्तीस वर्षं नुसते चौकोन काढले, त्याला लोक चौकटराव म्हणणार नाहीत तर काय म्हणणार? हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण ते असं काही चिकटलं, की निरोपसमारंभात साहेबांनी भाषणात त्यांचं खरं नाव घेतलं तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघांनी ‘हे कोण बुवा?’ म्हणून एकमेकांकडे पाहिलं होतं.

चौकटरावांचं काम फॉर्म काढायचं. पैसे भरायची स्लिप, पैसे काढायची स्लिप, खातं उघडायचा अर्ज, पत्ता बदलायचा अर्ज, चेकबुक हरवल्याचा अर्ज. आपण काउंटरवर उभं राहून घाईघाईनं नाव लिहितो, सही ठोकतो आणि निघतो. नाव कुठे लिहायचं, सहीला किती जागा ठेवायची, हे कुणीतरी बसून, पट्टीनं मोजून ठरवलंय हे आपल्या ध्यानीमनीही नसतं. चौकटराव तेच ठरवत. भरायची स्लिप पिवळी आणि काढायची गुलाबी, हे त्यांचं डोकं. काउंटरवरच्या पेनाची दोरी एक हात चार बोटं लांब, हेही त्यांचंच. त्याहून लांब केली तर ती गुंतते आणि आखूड केली तर डावखुऱ्या माणसाला पुरत नाही. एवढ्यासाठी ते दोन दिवस एका शाखेत बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात न्याहाळत होते. दुसऱ्या दिवशी तिथल्या पहारेकऱ्यानं मॅनेजरच्या कानात सांगितलं, “साहेब, हा माणूस पैसे भरत नाही, काढत नाही, नुसता बघतो. मला लक्षण ठीक दिसत नाही.”

त्यांची कामाची एक रीत होती आणि ती कचेरीत फारशी कुणाला ठाऊक नव्हती. नवा फॉर्म छापायला धाडण्याआधी ते त्याची एक प्रत घरी आणत आणि बायकोकडून भरून घेत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती हात पुसून बसायची, चष्मा लावायची आणि परीक्षेला बसल्यासारखी भरायला घ्यायची. चौकटराव मागे उभे राहून घड्याळ लावायचे. कुठे ती अडखळली, कुठे तिचा हात चुकीच्या रकान्यात गेला, ते लाल पेन्सिलीनं टिपून घ्यायचे.

“तुला जमलं तर कुणालाही जमेल,” ते म्हणायचे.

“हे कौतुक समजू का मी?” ती विचारायची.

“नियम आहे तो. पहिलं गिऱ्हाईक नेहमी अडाणी हवं.”

“मग मी बी.ए. कशाला झाले हो?”

असं चालायचं. त्या टेबलावर ती त्यांच्या प्रत्येक फॉर्मची पहिली गिऱ्हाईक झाली आणि त्या प्रत्येक प्रतीवर तिनं काहीतरी आगाऊपणा करून ठेवला.

ती जाऊन आता अकरा महिने झाले होते. फार काही झालं नव्हतं तिला. आठ दिवस ताप, मग तीन दिवस इस्पितळ, आणि मग चौकटराव एका हातात तिची पिशवी आणि दुसऱ्या हातात तिचा मोबाइल घेऊन घरी परत आले. लेक दुसऱ्या शहरात असते. ती आली, पंधरा दिवस राहिली, जाताना फ्रिजवर फोन नंबर चिकटवून गेली. त्यानंतर घर आणि चौकटराव.

दुसऱ्या महिन्यात त्यांनी स्वयंपाकघर हातात घेतलं. त्यांना तिच्या डब्यांची मांडणी कधीच पटली नव्हती. एक डबा उंच, एक बुटका, एक पत्र्याचा, एक काचेचा, झाकणं एकाची दुसऱ्याला. मीठ शेगडीच्या डावीकडे सैल झाकणाच्या बुटक्या बरणीत आणि साखर पार फळीवर, जिचं झाकण उघडायला दोन्ही हात लागतील अशा घट्ट डब्यात. ह्यात रीत ती काय? त्यांनी बाजारातून एकसारख्या बारा पारदर्शक बरण्या आणल्या, छापल्यासारख्या अक्षरात लेबलं लिहिली, आणि अकारविल्ह्यानं एका ओळीत लावून टाकल्या. फोटो काढून लेकीला पाठवला. लेकीनं अंगठा पाठवला.

तेव्हापासून त्यांना स्वयंपाकाला दुप्पट वेळ लागायला लागला. भात चढवला की मीठ शोधायला चष्मा हवा, चष्मा घातला की त्यावर वाफ धरते, चष्मा पुसेपर्यंत खाली करपतं. दोनदा चहात मीठ पडलं. दोन्ही वेळा त्यांनी तो चहा मोरीत ओतला आणि दुसरा केला नाही. एकट्यासाठी दुसऱ्यांदा आधण ठेवायचं म्हणजे फार मोठं काम वाटायचं.

तिचा मोबाइल ते रोज चार्ज करत. का, ते त्यांनी कधी स्वतःलाही विचारलं नाही. त्यावर आता फोन येत नसत, फक्त बँकेचे मेसेज येत. तिच्या वाढदिवसाला आला होता: ‘प्रिय ग्राहक, आपणास निरोगी दीर्घायुष्य लाभो.’ आणि ह्या महिन्याच्या सुरुवातीपासून दोघांच्याही फोनवर, दर आठवड्याला, एकाच क्षणी टुणकन वाजून, एक सारखाच मेसेज यायला लागला. संयुक्त खात्याची कागदपत्रं जुनी झाली आहेत. दोन्ही खातेदारांनी महिनाअखेरीपर्यंत शाखेत समक्ष यावे, अथवा एखाद्या खातेदाराचे नाव कमी करायचे असल्यास तसा अर्ज द्यावा. अन्यथा खात्यातील व्यवहार थांबवण्यात येतील. त्यांची पेन्शन त्याच खात्यात येत होती.

म्हणजे करायचं काय ते उघड होतं. एक अर्ज भरायचा, तिचं नाव कमी करायचं. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. पण तीन आठवडे गेले आणि चौकटरावांनी काही केलं नाही. शेवटच्या दोन दिवसांवर आलं तेव्हा लेकीचा फोन आला.

“बाबा, परत मेसेज आला ना?”

“आला.”

“मग? परवा महिनाअखेर आहे.”

“माहितीये. कॅलेंडर मीच टांगलंय.”

“मी लिंक पाठवली होती तुम्हाला. घरबसल्या होतं हल्ली. पाच मिनिटांचं काम.”

“उघडली होती.”

“मग अडलं कुठे?”

“कुठेच नाही. पाच मिनिटंही लागली नसती. दीड मिनिटात झालं असतं.”

लेक हळूच म्हणाली, “मी येऊ का?”

“एका फॉर्मसाठी रजा नको घालवूस. जातो मी उद्या शाखेत.”

ते खोटं बोलले नव्हते. लिंक त्यांनी खरंच उघडली होती आणि जाणकाराच्या नजरेनं पाहिली होती. छान केलं होतं सगळं. पांढरं, मोकळं, कुठे चुकायला वावच नाही. ‘नाव कमी करण्याचे कारण’ ह्या जागी बोट लावलं की तीन शब्द उलगडत: मृत्यू, विभक्त, इतर. लिहायचंसुद्धा नाही. फक्त टेकवायचं. चौकटरावांचं बोट काचेच्या वर अर्ध्या इंचावर किती तरी वेळ तसंच राहिलं, आणि मग पडदा आपणहून काळा झाला.

त्यांना मनात एकच म्हणावंसं वाटलं, की ह्या पोरांनी चौकट आणखी लहान केली. आणि लगेच पुढचं आठवलं: लहान करायला सुरुवात कुणी केली होती?

फोन ठेवल्यावर त्यांनी कपाटावरची निळी फाइल खाली काढली. तिनं भरलेल्या सगळ्या नमुना प्रती त्यात क्रमानं लावलेल्या होत्या. धूळ झटकून ते टेबलापाशी बसले आणि एकेक पान उलटू लागले. खातं उघडायच्या अर्जात ‘व्यवसाय’ ह्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, ‘घरातले सगळे’. ‘वार्षिक उत्पन्न’ समोर, ‘ह्यांना विचारून सांगते’. पत्ता बदलायच्या अर्जात ‘नवीन पत्ता’ म्हणून, ‘जिथे खिडकी मोठी असेल तिथे’. लॉकरच्या अर्जात ‘ठेवायच्या वस्तूंचे वर्णन’ ह्याखाली तिनं एक सुबक कुलूप काढलं होतं आणि त्याखाली, ‘किल्ली हरवली’. बाजूला त्यांच्याच लाल पेन्सिलीच्या खुणा: ‘येथे ८ सेकंद थांबली’, ‘ओळ अपुरी’, ‘थट्टा नको’.

चौकटराव हसले. मोठ्यानं हसले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. ह्या घरात बऱ्याच दिवसांत कुणी हसलं नव्हतं.

मग सत्तेचाळीस नंबर आला. ‘मयत खातेदाराचे नाव कमी करण्याचा अर्ज’. ही प्रत स्वच्छ होती. एकही थट्टा नाही, एकही लाल खूण नाही. अक्षर तिचं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं. तिनं भरलेली प्रत फाइलमध्ये नव्हतीच.

ती कुठे गेली, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

एकतीस वर्षांपूर्वीचा रविवार, दुपार. हा फॉर्म त्यांनी मुद्दाम नव्यानं काढला होता, कारण काउंटरवरच्या लोकांची तक्रार होती. जुन्या फॉर्मात कारणासाठी सहा ओळी होत्या आणि लोक, त्यातही बायका, सहाच्या सहा भरून समासात चढत. क्लार्क म्हणायचे, आम्हाला तारीख आणि दाखला हवा, कहाणी कुणाला हवी? चौकटरावांनी सहा ओळी काढून टाकल्या आणि तिथे एकच चौकट ठेवली. साडेतीन सेंटिमीटर लांब, आठ मिलिमीटर उंच. खाली बारीक अक्षरात: ‘एका शब्दात लिहावे’. साहेब खूश झाले. फॉर्म दोन पानांवरून एका पानावर आला, तोही एकाच बाजूनं. मागची बाजू कोरी.

“अगंबाई, हा कसला आणलात?” शीर्षक वाचून ती म्हणाली. “आता कुणाला मारू?”

“मार कुणालाही. मला मार.”

“तुम्हालाच मारावं लागणार. दुसरं कोण आहे माझ्या खात्यात?”

तिनं भराभर भरलं. खातेदाराचं नाव, अर्जदाराचं नाव, नातं. आणि त्या चौकटीपाशी येऊन थांबली.

“इथे काय लिहायचं?”

“कारण.”

“एवढ्यात?”

“एक शब्द पुरे. समोरच्याला वाचायला वेळ नसतो.”

तिनं पेन हातात धरून ठेवलं. चौकटरावांनी घड्याळात पाहिलं; बारा सेकंद, पंधरा, वीस. एवढी ती कुठल्याच फॉर्मवर थांबली नव्हती. मग एकाएकी तिनं कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. पाच-सहा ओळी तरी असतील. मान खाली, जीभ ओठाच्या कोपऱ्यात, शाळेतल्या पोरीसारखी.

“अगं, मागे नाही लिहायचं! मागची बाजू कोरी ठेवायची आहे.”

“मग ठेवा की तुमची. माझ्या नवऱ्याला मी एका शब्दात घालवणार नाही.”

“मी इथे धडधाकट उभा आहे.”

“म्हणून तर नीट सुचतंय. वाचा तरी.”

“नंतर वाचतो,” असं म्हणून त्यांनी वर लाल पेन्सिलीनं मोठं ‘नापास’ लिहिलं. ती हसली आणि उठून कामाला लागली. त्यांनी दुसरी प्रत घेऊन स्वतःच भरली, अगदी नमुनेदार, ती फाइलला लावली, आणि दुसऱ्या दिवशी फॉर्म छापखान्यात दिला. संध्याकाळी पेनं साफ करताना निब पुसायला खराब कागद हवा होता. तो टेबलावर पडलेलाच होता. फॉर्म काढणाऱ्या माणसाच्या घरी वाया गेलेला कागद कधी वाया जात नाही. शाईचे फराटे एकावर एक ओढले गेले आणि मग बोळा करून तो टोपलीत गेला.

त्या पाच-सहा ओळींत तिनं काय लिहिलं होतं, हे आता जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनंही पुन्हा कधी विषय काढला नाही. ती तसलं धरून बसणारी नव्हतीच.

चौकटरावांनी फाइल बंद केली. त्या संध्याकाळी त्यांनी भात चढवलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला ते शाखेत पोहोचले. ओळखू येत नव्हती. त्यांच्या काळच्या काचा गेल्या होत्या, जाळ्या गेल्या होत्या, बाकाच्या जागी गोल गोल मऊ आसनं आली होती, ज्यांवर बसलं की गुडघे छातीशी येतात आणि उठायला कुणाचा तरी हात लागतो. शेजारी त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ त्यातून उठायचा तिसरा प्रयत्न करत होते. चौकटरावांनी त्यांना हात दिला. “कुणी केलंय हो हे?” ते गृहस्थ म्हणाले. चौकटराव सवयीनं म्हणाले, “मी नाही.”

दारातल्या यंत्रानं त्यांना एक चिठ्ठी दिली, वर एकवीस. काउंटरवरच्या पेनाला दोरीऐवजी चकचकीत मण्यांची साखळी होती. त्यांनी हळूच बोटं लावून मोजली. वीतभर. फारच आखूड. पण बोलणार कुणाला?

एकवीस नंबर लागला. समोर पन्नाशीच्या आसपासच्या, नाकाच्या शेंड्यावर चष्मा असलेल्या क्लार्कबाई होत्या. त्यांनी पडद्यावर पाहिलं.

“संयुक्त खातं आहे काका. दुसऱ्या खातेदार बाहेर बसल्यात का?”

“नाही.”

“मग त्यांनाही घेऊन यावं लागेल. चालता येत नसेल तर सांगा, आमचा माणूस घरी येऊन सही घेतो.”

चौकटरावांनी हातातल्या चिठ्ठीची घडी घातली, ती पुन्हा उलगडली. मागे बावीस नंबरवाला खोकला. मग त्यांनी त्यांना येत होतं तेच सांगितलं.

“फॉर्म सत्तेचाळीस द्या.”

बाईंचा हात कीबोर्डवर थांबला. फॉर्मचा नंबर बाहेरच्या माणसाला माहीत नसतो; ज्याला असतो तो आतलाच. त्यांनी चष्म्यावरून एकदा चौकटरावांकडे पाहिलं, एकदा पडद्यावरच्या दुसऱ्या नावाकडे.

“बसा काका,” त्या म्हणाल्या. “त्या मऊ भोपळ्यावर नका बसू, ही खुर्ची घ्या.” आणि बावीस नंबरवाल्याला शेजारच्या काउंटरकडे पिटाळलं.

खालच्या खणातून त्यांनी फॉर्म काढला. चौकटरावांनी तो हातात घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“कललाय हा. उजवीकडे.”

“झेरॉक्सची झेरॉक्स आहे काका. आता सगळे त्या फोनवरच करतात, छापतच नाहीत कुणी. मूळ प्रत कुठे आहे देव जाणे.”

मूळ प्रत त्यांच्या घरी निळ्या फाइलमध्ये होती. त्यांनी चष्मा लावला आणि भरायला घेतलं. तिचं नाव. चोवीस चौकोन, एकेका अक्षराला एक. तिच्या नावाला एकोणीस लागत, हे त्यांना पाठ होतं. मग स्वतःचं नाव. नातं: पती. खातं क्रमांक. आणि मग ती चौकट.

पेन तिथे येऊन उभं राहिलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरत होता. बारा सेकंद, पंधरा, वीस.

“काय झालं, जागा पुरत नाही ना?” क्लार्कबाई दुसऱ्या कागदांवर शिक्के मारता मारता म्हणाल्या. “कुणालाच पुरत नाही. तिथे आपला एक शब्द टाका आणि काय लिहायचंय ते मागे लिहा.”

“मागे?”

“सगळे मागेच लिहितात. मी नोकरीला लागल्यापासून बघते. ही चौकट ज्यानं काढली ना, त्याला मला एकदा भेटायचंय. पण मागची बाजू कोरी ठेवली, एवढं एक पुण्य केलंय बिचाऱ्यानं.”

चौकटरावांनी कागद घट्ट धरला.

“काय लिहितात लोक?”

“काय वाटेल ते. एकानं नुसतं लिहिलं होतं, ‘रोज सहा वीसच्या बसला सोबत असायची.’ एका आजींनी लिहिलं, ‘घोरायचे फार, आता झोप लागत नाही.’ आता बँकेनं ह्याचं काय करायचं सांगा? पण लिहितात. थांबवून थांबत नाहीत.”

“आणि वाचतं कोण?”

“स्कॅन तर पुढच्याच बाजूचं होतं.” त्यांचा शिक्का मध्येच थांबला. “मी वाचते. दुपारी गर्दी नसली की.”

चौकटरावांनी त्या चौकटीवरून बोट फिरवलं. म्हणजे एकतीस वर्षं, एका शाखेत नाही, सगळ्या शाखांत, जो जो हा कागद हातात घेत होता तो तिच्यासारखाच थांबत होता आणि तिच्यासारखाच तो उलटा करत होता. पहिल्या गिऱ्हाइकानं त्यांना पहिल्याच दिवशी, त्यांच्याच टेबलावर, हे दाखवून दिलं होतं. त्यांची चाचणी अगदी चोख झाली होती. निकाल समोर पडला होता, आणि त्यांनी त्याला निब पुसलं.

त्यांनी चौकटीत लिहिलं: निधन. शब्द बसला. उजवीकडे थोडी जागाही उरली.

मग त्यांनी कागद उलटला.

समोर नुसतं पांढरं. एक ओळ नाही, एक रकाना नाही, कुठून सुरू करायचं त्याची खूण नाही. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांना आखून दिलं होतं. त्यांना स्वतःला कुणी न आखलेल्या कागदावर लिहायची सवयच नव्हती. पहिलं वाक्य त्यांनी लिहिलं आणि ते खाली घसरत गेलं. दुसरं त्याहून. चौथ्या ओळीला मण्यांची साखळी ताणली गेली आणि पेन पुढे जाईना. त्यांनी एकदा ओढून पाहिलं. साखळी कुठली येतेय!

क्लार्कबाईंनी आपल्या केसांतलं पेन काढून पुढे केलं.

ते लिहीत राहिले. मोठं असं काही नव्हतं त्यात. ती मीठ शेगडीच्या डावीकडे ठेवायची, कारण तिचा उजवा हात पळीवर असायचा. बरणीचं झाकण सैल होतं, कारण ते एका हातानं निघायला हवं. साखरेचं झाकण घट्ट होतं, कारण तो डबा चुकून हातात आला तर उघडू नये. हाताला न बघता कळावं म्हणून एक डबा उंच होता आणि एक बुटका. हे आपल्याला अकरा महिन्यांत नाही, आत्ता लिहिताना कळलं. आपण सगळं एकसारखं करून टाकलं. मग आणखी दोन ओळी लिहिल्या, त्या फक्त तिच्यासाठी होत्या. कागद संपत आला तेव्हा अक्षर इतकं बारीक झालं होतं, की एरवी अशा फॉर्मवर त्यांनी लाल खूण केली असती.

“झालं?” बाईंनी विचारलं.

“जागा संपली.”

बाईंनी कागद घेतला, पुढच्या बाजूवर तारीख तपासली, दाखला जोडला, शिक्का मारला. उलटून पाहिलं नाही. तो आपल्या डाव्या हाताच्या ट्रेमध्ये, सगळ्यांत वर, पालथा ठेवला. मग यंत्रातून नवं पासबुक काढून त्यांच्यापुढे सरकवलं.

पासबुकाच्या पहिल्या पानावर नावासाठी दोन ओळी होत्या. हीसुद्धा चौकटरावांचीच करामत. एकट्याच्या खात्याला एक ओळ आणि दोघांच्या खात्याला दोन, अशी दोन वेगळी पानं छापायची मागणी एकदा आली होती. त्यांनी खर्चाचा हिशेब दाखवून ती मोडून काढली होती. एकच पान सगळ्यांना. दुसरी ओळ रिकामी राहिली तर बिघडतं काय? आता पहिल्या ओळीत त्यांचं नाव होतं. तिच्याखाली ओळ होती. नुसती ओळ.

“काका, पेन,” क्लार्कबाई म्हणाल्या. त्यांनी ते परत केलं. तो फॉर्म काढणारा मीच, हे सांगावं असं दारापर्यंत जाताना दोनदा मनात आलं. ते वळले नाहीत.

घरी येऊन त्यांनी पासबुक खणात ठेवलं. तेवढ्यात टेबलावर टुणकन आवाज झाला. ह्या वेळी एकच. त्यांचा नाही, तिचा फोन. ‘प्रिय ग्राहक, आपल्या विनंतीनुसार आपले नाव खात्यातून कमी करण्यात आले आहे. आजच्या सेवेला आपण किती तारे द्याल?’ खाली पाच पोकळ चांदण्या, बोट लावायची वाट पाहत. चौकटरावांनी त्या जरा वेळ पाहिल्या, आणि फोन पालथा ठेवला.

मग ते स्वयंपाकघरात गेले. माळ्यावरचं खोकं खाली काढलं. तिचे डबे त्यांनी टाकले नव्हते. मांडणी चुकली तरी सामान टाकायचं नाही, ही कचेरीची शिस्त. बुटकी बरणी सापडली. तिचं झाकण अजून तसंच सैल होतं. त्यांनी तिच्यात मीठ ओतलं आणि ती शेगडीच्या डावीकडे ठेवली. आधण चढवलं, तांदूळ घातले. चष्म्यावर वाफ धरली तशी तो काढून खिशात घातला.

उजव्या हातात पळी धरून त्यांनी डावा हात न बघता पुढे केला. तो बरणीच्या अलीकडे, ओट्यावर पडला. तिचा हात लांब होता त्यांच्यापेक्षा. हेही कधी मोजलं नव्हतं.

त्यांनी बरणी बोटभर अलीकडे ओढायला म्हणून उचलली, मग परत होती तिथेच ठेवली, आणि हात आणखी थोडा लांब केला.